पावसाचा हिशेब कोणाकडे मागावा?

सन २०१७ च्या जुलै महिन्यांत बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील आनंदगांवच्या शेतकऱ्यांनीं पोलिस ठाण्यांत एक तक्रार दिली, तिची आठवण आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. तक्रार चोराविरुद्ध नव्हती, सावकाराविरुद्ध नव्हती. ती हवामानखात्याविरुद्ध होती. खात्यानें चांगला पाऊस सांगितला, त्या भरंवशावर पेरण्या केल्या, पावसानें ओढ दिली आणि पेरलेलें वायां गेलें. बियाणें व औषधें विकणाऱ्या कंपन्यांशीं खात्याचें संगनमत असलें पाहिजे, असा तिचा आशय होता. शहरांतील पुष्कळांनीं ही बातमी वाचून करमणूक करून घेतली. आम्हांस तींत हसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. बियाण्याची पिशवी, खताचें पोतें, ट्रॅक्टरचें भाडें आणि मजुरी एवढें सर्व मातींत घालून जो आभाळाकडे पाहत बसतो, त्याला दुबार पेरावें लागलें म्हणजे काय होतें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक.

तथापि तक्रारीमागचें दुःख खरें म्हणून तक्रारींतील तर्कहि खरा, असें होत नाहीं. त्या वर्षीं खात्यानें सर्व देशाच्या मोसमी पावसाचा अंदाज एप्रिलमध्यें दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के व जूनमध्यें ९८ टक्के असा दिला होता. चार महिने संपल्यावर हिशेब झाला तो ९५ टक्क्यांचा. म्हणजे देशाच्या मापानें अंदाज फारसा चुकला नाहीं, आणि आनंदगांवच्या मापानें तो ऐन हंगामांत निरुपयोगी ठरला. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या होत्या. असें कां होतें, आणि अशा शास्त्रावर आपण कितपत विसंबावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

वस्तु घेतली, रीत घेतली नाहीं

आपला शेतकरी शास्त्राला विन्मुख आहे, असें कांहीं शिकलेले लोक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. संकरित ज्वारी आली, ती त्यानें घेतली. विजेचा पंप, ठिबकाच्या नळ्या, ट्रॅक्टर, तणनाशक, खिशांतला मोबाइल, यांपैकीं कशासहि त्यानें फार दिवस नकार दिला नाहीं. याचें कारण उघड आहे. पंपाची कळ दाबली कीं पाणी येतें किंवा येत नाहीं. परीक्षा तेथल्या तेथें होते. हवेच्या शास्त्राचें तसें नाहीं. तें हातांत वस्तु देत नाहीं, शक्यता देतें. आणि शक्यता ही तिजोरींत ठेवतां येत नाहीं कीं खुंटीला बांधतां येत नाहीं. म्हणून झालें असें कीं, शास्त्रानें दिलेली वस्तु आपण माजघरांत नेली. पण ज्या रीतीनें ती वस्तु तयार झाली, ती मोजण्याची, पडताळण्याची आणि चूक कबूल करण्याची रीत मात्र ओसरीवरच उभी ठेवली.

वास्तविक ही रीत आपणांस परकी नाहीं. सोयाबीनचें घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं आपण काय करतों? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतों, गुंडाळून ठेवतों आणि आठवड्यानें मोजतों. सत्तर उगवले तर ठरलेल्या प्रमाणानें पेरतों. साठ उगवले तर एकरीं बियाणें वाढवतों. सत्तर टक्के उगवण सांगणारें बियाणें घेऊन कोणी न उगवलेल्या तीस दाण्यांसाठीं दुकानदाराशीं भांडत नाहीं. उद्यां पाऊस येण्याची शक्यता शंभरांत सत्तर, हें वाक्यहि त्याच जातीचें आहे. तसें दहा वेळां सांगून सात वेळां पाऊस आला, तर सांगणारा खरा. तीन वेळां कोरडें गेलें म्हणून तो खोटा नव्हे. मात्र दहाहि वेळां काय झालें, तें कोणीतरी मोजलेलें असलें पाहिजे. सगळा प्रश्न येथें येऊन थांबतो.

पंचांगाचा हिशेब

पंचांगाविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. आमच्या घरीं आजहि पंचांग पाहिल्यावांचून कार्य ठरत नाहीं. शेतीच्या कामांना आपल्या वाडवडिलांनीं चांद्र महिने न लावतां सूर्याचीं नक्षत्रें लावलीं, यांत त्यांचें शहाणपण आहे. चांद्र महिने अधिकमासाच्या फेऱ्यांत मागें-पुढें सरकतात; मृग मात्र दरवर्षीं जूनच्या ७-८ तारखेस लागतो. मृगांत पेरावें, हा पिढ्यांच्या अनुभवाचा सारांश होता. पण तेंहि कायमचें नव्हे. आपली नक्षत्रगणना निरयन असल्यामुळें ऋतूंच्या मानानें मृग सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकत आहे. तीनशें वर्षांपूर्वींचा मृग आणि आजचा मृग यांत चार दिवसांचें अंतर पडलें आहे.

वाहनांची गोष्ट निराळी आहे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावें, नवांनीं भागावें, आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकीं वाहन ठरवावें, असा तो प्रकार आहे. हें गणित कोणीहि केलें तरी उत्तर एकच. आणि नेमका येथेंच त्याचा दोष आहे. आर्द्रेचें वाहन बेडूक निघालें तर तें रत्नागिरीसहि बेडूक आणि बीडासहि बेडूक. कोंकणांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि मराठवाड्याच्या पुष्कळ भागांत सातशें-आठशें. एकच बेडूक दोन्हीकडे कसा पुरावा?

बुलढाणा जिल्ह्यांत जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळीं शेतांत घटमांडणी होते. गोलाकार धान्यें मांडतात. मधल्या खड्ड्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून मातीचीं चार ढेकळें ठेवून वर पाण्याची घागर ठेवतात. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांत काय फरक पडला यावरून पाऊस, पिकें व राज्यकारभार यांचें भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी तें ऐकण्यास जमतात. त्या परंपरेची आम्ही चेष्टा करीत नाहीं. इतकी माणसें एका शेतांत जमून पावसाची चिंता एकत्र वाहतात, हेंहि थोडें नव्हे. आमचा प्रश्न एवढाच कीं, त्या भाकितांपैकीं काय खरें झालें व काय चुकलें, याची वही दिवाळीनंतर आपल्यापैकीं किती जणांनीं मांडली? खरें ठरलेलें भाकीत वर्षभर चावडीवर सांगितलें जातें आणि चुकलेलें दसऱ्याच्या आधीं विसरलें जातें. वेधशाळेच्या वांट्याला याच्या नेमकें उलट येतें. तिचा खरा ठरलेला अंदाज कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं आणि चुकलेला सात वर्षें उगाळला जातो. मोबाइलवर रोज नवा अंदाज सांगणाऱ्या मंडळींनाहि आपण पहिलाच नियम लावतों. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरें, असा व्यवहार आपण धान्याच्या बाजारांत कधीं चालवून घेतला नसता.

खात्याचा हिशेब

आतां तेंच माप खात्यालाहि लावूं. हवामानखात्याची स्थापना सन १८७५ ची. सन १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर पुढील पाऊस आधीं सांगतां येईल काय, असा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ आणि मैदानावरील पाऊस यांचा संबंध जोडून सन १८८६ पासून रीतसर अंदाज सुरू केला. पण सन १८९९ सालीं अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला तो छप्पन्नाचा दुष्काळ. पुढें सन १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख झाले. आपल्या पावसाचे धागे दूर पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबापर्यंत पोंचलेले आहेत, हें त्यांनीं जगभरच्या नोंदी पडताळून दाखविलें. आज आपण एल निनो म्हणून जें ऐकतों, त्याचें एक मूळ या कामांत आहे.

तरीहि चुका थांबल्या नाहींत. सन १९८८ पासून खातें सोळा लक्षणांवरून अंदाज बांधीत असे आणि चौदा वर्षें त्याचें बरें चाललें. सन २००२ मध्यें त्याच रीतीनें १०१ टक्के पाऊस सांगितला गेला आणि प्रत्यक्षांत पडला ८१ टक्के. हा चुकीचा आंकडा खात्याच्या स्वतःच्याच दप्तरांत लिहिलेला आहे. दुसऱ्याच वर्षीं ती रीत बदलली आणि पुढें संगणकावर सर्व वातावरण व समुद्र यांचें गणित मांडणारी निराळी पद्धति हातीं घेण्यांत आली. आमच्या मतें शास्त्राची खरी ओळख ही आहे. तें चुकत नाहीं म्हणून तें शास्त्र नव्हे. आपली चूक तें आंकड्यांत लिहून ठेवतें आणि तिच्यामुळें आपली रीत बदलतें, म्हणून तें शास्त्र. वाहनांच्या गणितानें कोणत्या दुष्काळानंतर आपला भागाकार बदलला, हें कोणी सांगेल काय?

मात्र खात्याच्या पदरींहि एक माप घालावें लागेल. सर्व देशाची टक्केवारी मोठ्या अक्षरांत जाहीर होते, आणि ती माझ्या शिवारासाठीं नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी बजावून सांगत नाहीं. तो आंकडा धान्याचा साठा, धरणें आणि सरकारी तजवीज यांच्या उपयोगाचा आहे. गांवच्या पेरणीसाठीं तो वापरणें म्हणजे रत्नागिरीचा बेडूक बीडला वापरण्यासारखेंच आहे. जिल्ह्यासाठीं पांच दिवसांचा जो अंदाज व कृषिसल्ला निघतो, तो आपल्या कामाचा. त्यांतहि सर्वत्र पडणारा मोसमी पाऊस बराच बरोबर सांगतां येतो. वळवाची एखादी सर कोणत्या शिवारावर कोसळेल, तें सांगणें फार कठीण. हें नीट समजावून देणें खात्याचें काम होतें, आणि आनंदगांवच्या तक्रारींतील खरा भाग आमच्या मतें हाच आहे.

एका नोंदीची गोष्ट

येथें आम्हांस स्वतःविषयीं कांहीं लिहिणें भाग आहे. आमची नोकरी महसूलखात्यांत कारकुनीची झाली. एका तालुक्याच्या कचेरींत असतां पर्जन्यमापक वाचून पावसाचा तक्ता भरण्याचें काम कांहीं वर्षें आमच्याकडे होतें. रोज सकाळीं ठराविक वेळीं आवारांतील यंत्र उघडावयाचें, पाणी मापांत ओतावयाचें, मिलिमीटर वाचावयाचे, आणि पाऊस नसेल तर 'निरंक' लिहावयाचें. काम पांच मिनिटांचें; पण रोजचें.

एका पावसाळ्यांत शनिवारीं रात्रीं जोराचा पाऊस झाला. रविवारीं सुट्टी, ओढ्याला पाणी. आम्ही गेलों नाहीं आणि शिपाईहि गेला नाहीं. सोमवारीं सकाळीं यंत्रांत एकंदर ९२ मिलिमीटर पाणी निघालें. तक्त्यांत रविवारचा रकाना कोरा ठेवला असता तर खुलासा द्यावा लागला असता. आम्हीं रविवारीं ४६ आणि सोमवारीं ४६ अशी सुबक विभागणी करून आंकडे वर पाठविले. त्या वेळीं त्यांत कांहीं मोठें पाप झालें, असें आमच्या मनासहि शिवलें नाहीं.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे त्या मंडळांत अतिवृष्टि धरावी, असा मदतीचा नियम आहे. खरा पाऊस बहुतेक सगळा शनिवारच्या एका रात्रींत पडला होता. बांध फुटले होते, ओढ्याकांठचीं पिकें मातीखालीं गेलीं होतीं. पण कागदावर कोणत्याहि दिवशीं ६५ भरले नाहींत आणि मंडळ यादींतून वगळलें गेलें. पुढें कांहीं शेतकरी कचेरींत आले. त्यांतील एका वृद्धानें आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, यंत्र खोटें बोलतें का हो?" आम्हीं उत्तर दिलें, "नाहीं बाबा, यंत्र खोटें बोलत नाहीं." वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि त्याहून मोठें असत्य आम्हीं साऱ्या नोकरींत उच्चारलें नाहीं. तो म्हातारा सरकारी यंत्र खोटें असतें, अशी समजूत घेऊन परत गेला. त्याच्या गांवांत पुढें कोणी वेधशाळेचें नांव काढलें तर तो काय म्हणाला असेल, याची कल्पना आम्हांस करवत नाहीं.

शास्त्रावरचा अविश्वास अडाणीपणांतून येतो असें जे म्हणतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुष्कळदां तो शास्त्राच्या नांवावर केलेल्या हयगयींतून येतो. उपग्रह आकाशांत कितीहि उंच फिरला, तरी पावसाच्या शास्त्राचा पाया कचेरीच्या आवारांतील त्या मापांत आणि तें वाचणाऱ्या हातांत आहे. वर्षानुवर्षांच्या अशाच हजारों नोंदींवर शास्त्रज्ञ आपलीं अनुमानें बांधतात. ज्या नोंदी इमानानें झाल्या त्यांनीं शास्त्र उभें राहिलें. आमच्या त्या दोन आंकड्यांनीं तें तेवढ्यापुरतें पोखरलें गेलें.

हवामान बदललें काय?

आतां हवामानबदलाचा प्रश्न. कांहीं वाचक म्हणतात, दुष्काळ आणि पूर पूर्वींहि होते. हें जुन्याच दुखण्याचें नवें नांव आहे. दुसरे कांहीं असें म्हणतात कीं, जें जें वाईट घडतें तें तें सर्व हवामानबदलामुळें. आमच्या मतें दोघेहि न मोजतां बोलतात. १८७६, १८९९, १९७२ हीं सालें कोण विसरेल? म्हणून एका वर्षाच्या दुष्काळानें किंवा पुरानें कांहींच सिद्ध होत नाहीं. नाला बुजवून बांधलेलें घर वाहून गेलें, तर तो दोष आभाळाचा नव्हे.

पण दीर्घकाळच्या नोंदी काय सांगतात? हवेंतील कर्बवायूची मोजणी हवाई बेटावरील डोंगरावर सन १९५८ मध्यें सुरू झाली, तेव्हां तो दहा लाख भागांत सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हा वायु कोळसा व खनिज तेल जाळल्यानें वाढतो आणि तो उष्णता अडवून धरतो. आपल्या देशाचें सरासरी तापमान सन १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें ०.७ अंशानें वाढलें. हवा एका अंशानें तापली कीं तिची वाफ धरण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते. म्हणजे ढगाची घागर मोठी होते, ती भरण्यास वेळ लागतो आणि उपडी झाली म्हणजे एकदम होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें सन २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मध्य भारताच्या पट्ट्यांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सन १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढल्याचें दाखविलें आहे. त्याच काळांत तेथील एकंदर मोसमी पाऊस मात्र वाढला नाहीं. पावसाचे दिवस कमी आणि झोड जास्त, अशी जी तक्रार आपण पारावर ऐकतों, तिला नोंदवहीचा आधार आहे तो असा.

आणखी एक उदाहरण घ्या. मोसमी पाऊस येण्याजाण्याच्या ज्या सर्वसाधारण तारखा आपण ऐकत आलों, त्या सन १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बसविलेल्या होत्या. सन २०२० मध्यें खात्यानें अलीकडच्या नोंदींवरून त्या नव्यानें बसविल्या, तेव्हां मुंबईहून पाऊस परत फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सोयाबीन काढणीच्या सुमारास पाऊस गांठतो, हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. सन २०२५ मध्यें तर मुंबईस मोसमी पाऊस २६ मे रोजीं, रोहिणीच्या आरंभींच आला. एका वर्षावरून नियम करूं नये, हें खरें. पण मृगावर डोळे मिटून विसंबण्याचे दिवस राहिले नाहींत, एवढें त्यावरून समजावें.

हें कोणीं परदेशांतून आणून आपल्या माथीं मारलेलें मत नव्हे. हें आपल्याच दप्तरांतून निघालेलें आहे.

आपण काय करावें?

शास्त्रावर श्रद्धा ठेवा, असें आम्ही म्हणत नाहीं. श्रद्धा ही देवळांत शोभते. शास्त्राकडे हिशेब मागावा, आणि तोच हिशेब पंचांगाकडे, भाकिताकडे व मोबाइलवरच्या अंदाजाकडे मागावा. त्यासाठीं पुढील गोष्टी प्रत्येकास करतां येण्याजोग्या आहेत.

पहिली : घरीं पर्जन्यमापक ठेवावा. तो विकत न मिळाल्यास सरळ भिंतीचें, सपाट तळाचें भांडें आणि पट्टी पुरे. भांडें उघड्यावर ठेवावें. जवळचें झाड किंवा भिंत भांड्याच्या कांठाहून जितकी उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तें असावें. रोज एकाच वेळीं वाचावें आणि पाऊस नसला तरी 'निरंक' लिहावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें चार हजार लिटर पाणी, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरेशी ओल गेल्यावांचून कोरडवाहू पेरणी करूं नये, असा कृषिखात्याचा सल्ला असतो. तो पाळावयाचा तर आपल्या शिवारांत किती पडला, हें आपणांसच ठाऊक असलें पाहिजे. पहिल्या सरीला शेजाऱ्यानें तिफण जुंपली म्हणून आपण जुंपावी, हा हिशेब नव्हे.

तिसरी : वहींत तीन रकाने करावे. पंचांगानें काय सांगितलें, खात्याच्या पांच दिवसांच्या अंदाजानें काय सांगितलें, आणि पडला किती. आम्हीं निवृत्तीनंतर अशी वही सुरू केली आहे. तिला थोडेच पावसाळे झाले असल्यामुळें तिच्यावरून सिद्धान्त मांडण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण फवारणी व काढणी यांचे दिवस ठरवितांना आम्ही कोणता रकाना पाहतों, हें सांगण्याची गरज नसावी.

चौथी : आतां महाराष्ट्रांत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत आपोआप नोंद करणारीं यंत्रें बसलीं आहेत. आपल्या मंडळाचें यंत्र कोठें आहे, तें प्रत्यक्ष पाहून यावें. तें झाडाखालीं किंवा भिंतीशेजारीं असेल तर ग्रामसभेंत ठराव करून लेखी कळवावें. त्याचे आंकडे आपल्या वहीशीं ताडून पाहावे. यंत्र आपोआप लिहितें म्हणून त्याला पहारा नको, असें नाहीं.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या घरीं त्या शनिवारीं साधें भांडें आणि पट्टी असती, आणि गांवांतील आणखी दहा घरीं तसेंच लिहिलेलें असतें, तर आमचे ते ४६ आणि ४६ कचेरींत एक दिवसहि टिकले नसते. त्यानें आम्हांस यंत्र खोटें बोलतें का, असें विचारलें नसतें. तुम्ही खोटें कां लिहिलें, असें विचारलें असतें, आणि तो प्रश्न योग्य ठिकाणीं लागला असता. तो आतां हयात नाहीं. आमच्या वाचकांनीं येत्या मृगापासून एक वही उघडावी, एवढी आमची विनंति आहे.